५ आणि ९ वर्षांच्या मुलांसाठी मोबाइलवरचे अभ्यासाचे खेळ कसे पारखायचे?

अमळनेरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी ५ वर्षांची, बालवाडीच्या मोठ्या गटात. मुलगा ९ वर्षांचा, चौथीला, सेमी इंग्रजी. घरात आजी-आजोबांमुळे अहिराणी, शाळेत मराठी. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी ११ ते ५ पोरांना बाहेर सोडता येत नाही, मोबाइल हातात जातोच. मग त्यात निदान उपयोगाचं काही असावं.

घरात फोन एकच: ३ जीबी रॅम, ६ जीबी जागा मोकळी, रोजचा दीड जीबी डेटा. एक जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, विंडोज १०. वर्षाला ५०० रुपयांपर्यंत खर्च करू शकते.

प्ले स्टोअरवर शेकडो खेळ दिसतात आणि सगळ्यांनाच साडेचार तारे. मुलीच्या अक्षर गिरवायच्या ॲपमध्ये बोट कसंही फिरवलं तरी शाबासकी मिळते. मुलगा गणिताच्या गाडीच्या खेळात धडाधड काहीही दाबत सुटतो. खेळ पारखायचा कसा? मराठी घ्यावा की इंग्रजी? जाहिराती आणि पैसे कापले जाण्याचं काय? जाणकारांनी नेमकं सांगावं.

फळा_खडू

ताई, ते तारे सोडून द्या. खेळ दिसायला छान असला की लोक तारे देतात, मूल त्यातून शिकलं का हे त्यात कुठेच येत नाही. मुलांच्या हातात देण्याआधी खेळ तुम्ही स्वतः १५ मिनिटं खेळा आणि मुद्दाम चुका.

पहिल्या पाच प्रश्नांना जाणूनबुजून चुकीची उत्तरं द्या आणि काय होतं ते बघा. नुसता नकाराचा आवाज येऊन पुढचा प्रश्न आला, तर तो खेळ परीक्षा घेतो, शिकवत काही नाही. बरोबर उत्तर दाखवून पुढे गेला तर जरा बरा. चांगल्या खेळात चूक डोळ्यांना दिसते. तराजूच्या एका पारड्यात ३ आणि ४ आहेत, मुलाने दुसऱ्यात ८ ठेवले, तर ते पारडं खाली जातं आणि मूल आपणहून एक काढून घेतं. तिथे कोणी ‘चूक’ म्हणावं लागत नाही. चुकल्यावर मुलाला काय दिसतं, यावरच मी खेळाची किंमत ठरवतो.

मग डोळे झाकून दाबून बघा. चार पर्याय आहेत आणि चुकल्याने काहीच बिघडत नसेल, तर एकेक पर्याय दाबत गेल्यास सरासरी अडीच टिचक्यांत बरोबर उत्तर सापडतं. नऊ वर्षांच्या पोराला हे पहिल्याच दिवशी कळतं. यात त्याचा दोष नाही. विचार करण्यापेक्षा दाबणं सोपं असेल तर कुणीही दाबेल, आणि गाडीच्या खेळात वर घड्याळाचा धाक असतो. टायमर बंद करता येतो का ते सेटिंगमध्ये बघा. उत्तर स्वतः टाइप करावं लागतं किंवा वस्तू ओढून जुळवावी लागते, असे खेळ निवडा.

आणखी एक खूण. गाडीच्या खेळातून गाडी काढून टाकली तरी गणितं तीच उरतात, म्हणजे गाडी वरून चिकटवलेली आहे. तराजूच्या खेळातून गणित काढलं तर खेळच उरत नाही. शिकण्यासाठी हा दुसरा प्रकार घ्या. पहिला प्रकार समज आल्यानंतर पाढे पक्के करायला चालतो, त्याआधी नाही.

मुलीच्या गिरवण्याच्या ॲपचीही परीक्षा घ्या: ‘क’ खालून वर, उलट्या दिशेने गिरवा. तरी शाबासकी मिळाली तर ते ॲप काढून टाका. नीट केलेल्या ॲपमध्ये सुरुवातीचा ठिपका असतो, बाण असतो, आणि भलत्या दिशेने बोट नेलं तर रेघ उमटतच नाही. तरीही एक मर्यादा राहतेच. काचेवरून बोट सरकतं, पेन्सिल धरायची पकड आणि दाब त्यातून येत नाही. म्हणून ५ मिनिटं पडद्यावर झाली की १० मिनिटं ताटात ज्वारीचं पीठ पसरून तेच अक्षर बोटाने काढू द्या, मग पाटीवर.

पातळीचा अंदाज असा: १० पैकी १० येत असतील तर खेळ सोपा झाला, ५ च्या खाली असेल तर मूल अंदाजपंचे दाबतंय. ७-८ येत असतील तिथे थांबवा. ज्या खेळात पातळी आपल्याला निवडता येत नाही, तो दोन वेगळ्या वयांच्या मुलांच्या घरात उपयोगाचा नाही.

तापीकाठ

भाषेचं मी सांगतो, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते. ‘मराठी’ म्हणून मिळणारी बरीच अक्षर-ॲप हिंदीवरून बेतलेली असतात. दोन मिनिटांत ओळखता येतं.

‘ळ’ आहे का बघा. नसेल तर पुढे बघायचीही गरज नाही. मग ‘ज्ञ’ दाबा. ‘ग्य’ असा आवाज आला तर तो हिंदीचा, मराठीत ‘द्न्य’ यायला हवा. नंतर ‘च’ आणि ‘ज’. चमच्यातला च आणि चहातला च आपण वेगळे बोलतो, तसंच जहाज आणि जग. एकाच उच्चारात सगळं उरकलं असेल तर मूल ऐकून गोंधळतं. शेवटी ‘ल’ आणि ‘श’ ची वळणं. राज्य शासनाच्या १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श लिहायचा आहे. शाळेच्या पुस्तकात एक वळण आणि ॲपमध्ये दुसरं असेल तर पाच वर्षांच्या मुलीला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात.

आता आपल्या भागाची खास अडचण. मोठ्याने वाचायला लावून उच्चार तपासणारी ॲप असतात. ती प्रमाण मराठीवर तयार झालेली. आपल्याकडे डोळा म्हणजे डोया, फळ म्हणजे फय, काळा म्हणजे काया, पाणी म्हणजे पानी. अहिराणी असो की लेवा बोली, ळ चा य घरोघरी होतो. मूल ‘डोळा’ हा शब्द नीट ओळखतं, अर्थ जाणतं, पण तोंडातून डोया निघतं आणि ॲप लाल खूण करतं. मुलाला वाटतं आपल्याला वाचता येत नाही. खरं तर वाचन बरोबर आहे, उच्चार घरचा आहे. अशा वेळी ॲपच्या खुणेवर विसंबू नका, शेजारी बसा आणि सांगा: “घरात डोया, पुस्तकात डोळा, दोन्ही बरोबर.” डोळा-डोया, केळी-केयी, काळा-काया अशा जोड्या वहीत लिहून घेतल्या की पोरं ळ फार लवकर उचलतात. आजीला त्यात घ्या, तिच्याइतक्या जोड्या कुणालाच येत नाहीत. नंदुरबारकडे भिली किंवा पावरी बोलणाऱ्या घरांत तर उच्चार तपासणाऱ्या ॲपपेक्षा चित्र आणि आवाज जुळवायचे खेळ बरे.

मुलगा सेमी इंग्रजीचा आहे, म्हणजे त्याचं गणित आणि विज्ञान शाळेत इंग्रजीत चालतं. त्याला गणिताचा खेळ इंग्रजीतला दिला तरी चालेल, पण नवी कल्पना पहिल्यांदा मराठीत समजावा: छेद म्हणजे एकाचे किती सारखे भाग केले, अंश म्हणजे त्यातले किती घेतले. मग छेदावर डिनॉमिनेटर आणि अंशावर न्यूमरेटर हे शब्द बसवा. उलट क्रमाने गेलं की शब्द पाठ होतात आणि गणित राहून जातं.

भुसावळ_जंक्शन

फोनच्या बाजूचं.

खेळ उतरवण्याआधी नावाखालची बारीक ओळ वाचा. तिथे ‘जाहिराती आहेत’ आणि ‘ॲपमधील खरेदी’ हे दोन शब्द लिहिलेले असतात. ५ वर्षांच्या मुलीसाठी जाहिरातीचा खेळ नकोच. फुलीचं चिन्ह इतकं बारीक असतं की तिचं बोट जाहिरातीवरच पडतं. ‘३+’ हे वयाचं चिन्ह एवढंच सांगतं की खेळात वाईट काही नाही. तो तीन वर्षांच्या मुलाला समजेल किंवा शिकवेल असा त्याचा अर्थ होत नाही, आणि बहुतेक पालक इथेच फसतात.

उतरवल्यावर विमान मोड लावा आणि खेळ उघडा. पहिल्या पाच पातळ्या नीट चालल्या तर तो तुमच्या दीड जीबीत बसतो, आणि नेट बंद असताना जाहिरातीही सहसा येत नाहीत. उघडतच नसेल तर तो दर वेळी नेट मागणार.

परवानग्या: गणिताच्या खेळाला संपर्क यादी आणि ठिकाण कशाला हवं? मागितलं तर नाही म्हणा, आणि नाही म्हटल्यावर चालत नसेल तर काढून टाका. मायक्रोफोन फक्त वाचून घेणाऱ्या ॲपला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय. म्हणून मुलाचं पूर्ण नाव, शाळा, फोटो विचारणारा फॉर्म आला की तिथेच थांबा.

पैशांचा खरा सापळा ‘७ दिवस मोफत’ मध्ये असतो. मोफत म्हणून यूपीआय ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, मंजूर करून घेतात आणि आठव्या दिवशी वर्षाची रक्कम जाते. ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी, मग पेमेंट आणि सदस्यत्वं, मग सदस्यत्वं, तिथे जाऊन रद्द करावी लागते. शिवाय प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा. मोठ्या मुलाला ‘खेळा आणि पैसे जिंका’ वाली जाहिरात दिसली तर सरळ सांगा: पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

मुलगी खेळता खेळता व्हिडिओत जाऊन बसते असं होत असेल तर ‘ॲप पिनिंग’ चालू करा. सेटिंगमध्ये सुरक्षा विभागात असतं. काही फोनमध्ये नाव थोडं वेगळं असतं, शोधायच्या रकान्यात ‘पिन’ लिहिलं की सापडतं. ‘अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा’ हा पर्यायही चालू करा. मग खेळ उघडून अलीकडच्या ॲपच्या यादीत जा, खेळाच्या चिन्हावर टिचकी मारा, ‘पिन करा’. तुमचा आकडा टाकल्याशिवाय ती दुसरीकडे जात नाही.

आणि चार्जिंगला लावून खेळू देऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. चार्जिंगची उष्णता आणि खेळाची उष्णता एकत्र आली की फोन स्वतःचा वेग कमी करतो, खेळ अडखळतो, मूल चिडून जोरजोरात दाबतं, आणि बॅटरी मात्र कायमची खराब होते. कव्हर काढून, पंख्याखाली, चार्जर बाजूला ठेवून खेळायचं.

अमळनेरची_आई

फार उपयोगाचं सांगितलंत. विमान मोडची परीक्षा आजच घेतली, सात खेळांपैकी दोनच उघडले. आता नावं सांगाल का? मोफत आणि जाहिरातीशिवाय असतील तर उत्तम. आणि दोघांना मिळून किती वेळ द्यावा?

अंकमाळ

ताई, जुना लॅपटॉप आहे हे फार बरं झालं. बऱ्याच चांगल्या गोष्टी त्यावर जास्त नीट चालतात.

मुलीसाठी जीकॉम्प्री. केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या समूहाचं आहे, २००० सालापासून चालू आहे, मोफत, जाहिरात नाही, नेट लागत नाही. शंभराहून जास्त छोटे खेळ आहेत. ते २ ते १० वयासाठी, आणि प्रत्येक खेळाला अवघडपणाच्या १ ते ६ खुणा. १ ते ३ म्हणजे साधारण ६ वर्षांपर्यंत, ४ ते ६ म्हणजे त्यापुढे. सेटिंगमध्ये जाऊन मुलीसाठी १ ते २ एवढंच ठेवा, नाहीतर ती भलत्या खेळात अडकून रडेल. भाषा न लागणारे खेळ आधी द्या: तराजू, टँग्रॅम (सात तुकडे जुळवून आकार करायचं कोडं), चित्राचे तुकडे जुळवणं. फळा_खडू यांनी म्हटलेला तराजू तोच. माउस धरायची सवय नसेल तर पहिले दोन-तीन दिवस फक्त माउसचे खेळ.

फोनवर खान अकॅडमी किड्स चांगलं आहे: २ ते ८ वयासाठी, मोफत, जाहिरात नाही. अडचण एकच, सूचना इंग्रजीत आहेत. मूल एकटं बसवलं तर चित्रं बघून दाबत राहतं. शेजारी बसून सूचना मराठीत सांगणार असाल तरच द्या.

मोजणीचं एक लक्षात ठेवा. पडद्यावरचे पाच आंबे मोजताना मुलं एका आंब्याला दोनदा बोट लावतात किंवा एखादा गाळतात, आणि खेळ ‘पाच’ स्वतःच म्हणून टाकतो. म्हणून तेवढेच चिंचोके समोर ठेवा. पडद्यावर एक आंबा, इकडे एक चिंचोका सरकवायचा. शेवटी विचारा “किती?” मूल पुन्हा एकपासून मोजायला लागलं तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, हे अजून समजलेलं नाही. मग बेरजेच्या खेळाकडे वळू नका, मोजणीतच थांबा.

मुलासाठी फेट, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे गणित-विज्ञानाचे प्रयोग. कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. बऱ्याच प्रयोगांचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. प्रत्येक प्रयोगाच्या पानावर डाउनलोडचं बटण असतं, काही एमबीची एकच फाइल उतरते आणि पुढे नेट कधीच लागत नाही. लॅपटॉपवर दोनदा टिचकी मारली की ब्राउझरमध्ये उघडते. फोनवर मात्र ‘एचटीएमएल व्ह्यूअर’ मध्ये उघडली तर नुसतं पांढरं पान दिसतं. ‘यासह उघडा’ मध्ये क्रोम निवडा.

चौथीसाठी आधी ‘मेक अ टेन’. ८ आणि ५ ची कार्डं असतात. ५ मधून एक-एक करून २ ओढून ८ वर टाकले की १० होतात, मागे ३ उरतात. हातचा म्हणजे काय हे मूल स्वतःच्या बोटाने करतं. मग ‘फ्रॅक्शन्स: इंट्रो’. ‘८ मोठा म्हणून १/८ हा १/४ पेक्षा मोठा’ ही चूक चौथीत जवळजवळ प्रत्येकाची होते. तिथे वर्तुळाचे ४ भाग करून एक भरा, मग ८ भाग करून एक भरा, तुकडा बारीक झालेला दिसतो. त्याच दिवशी जेवताना एका कळण्याच्या भाकरीचे ४ आणि दुसरीचे ८ तुकडे करून विचारा, कुठला एक तुकडा घेशील.

संख्यावाचनाचा खेळ निवडताना आणखी एक बघा. इंग्रजीत ट्वेंटी-सेव्हन, आधी वीस मग सात. मराठीत सत्तावीस, आधी सात मग वीस. त्यामुळे ऐकून लिहिताना मुलं ७२ लिहितात. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ मध्ये ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा बराच वाद झाला, पण त्यामागची अडचण खरीच आहे. इंग्रजी आवाजाच्या खेळात सगळी बरोबर येणारी मुलं मराठीत चुकतात ती इथे. आठवड्यातून दोनदा तुम्ही मराठीत संख्या सांगा आणि त्याला आकडा टाइप करू द्या.

वाचनासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. खेळ नाही, पण चित्रांची मराठी पुस्तकं आहेत, पातळी १ ते ४, मोफत. मुलीला पातळी १ चीच. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपने उघडतात, धड्याचं नेमकं तेवढंच हवं असेल तेव्हा उपयोगी.

५०० रुपये सध्या कुठेच खर्च करू नका.

फळा_खडू

वेळेबद्दल. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे २ ते ५ वयात दिवसाला जास्तीत जास्त १ तास आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, ५ ते १० मध्ये २ तासांपेक्षा कमी. यात कार्टून आणि व्हिडिओही धरायचे. अभ्यासाच्या खेळाला मुलीला १५ मिनिटं आणि मुलाला २५ मिनिटं भरपूर झाली. घड्याळ बघून मधेच हिसकावून घेऊ नका, भांडणं तिथेच होतात. “ही पातळी संपली की बंद” असं आधी सांगून ठेवा. अंतहीन चालणाऱ्या, पातळी नसलेल्या खेळात असं थांबताच येत नाही, हेही खेळ नाकारायला पुरेसं कारण आहे.

दोघांना एकत्र बसवायचं असेल तर फोन मुलीच्या हातात आणि तोंडाने सांगायचं भावाने. त्याने पडद्याला हात लावायचा नाही. सांगताना त्याला स्वतःला किती समजलंय ते बाहेर येतं.

सातपुडा_पायथा

मुलगा ९ वर्षांचा आहे, म्हणजे खेळ बनवण्याचं वय. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाचं स्क्रॅच, त्यात सूचनांचे ठोकळे एकमेकांना जोडून मूल स्वतः खेळ बनवतं, २००७ पासून आहे, ८ ते १६ वयासाठी, मोफत. विंडोज १० वर त्याचं ॲप उतरवून ठेवलं की नेटशिवाय चालतं. मुलीसाठी ५ ते ७ वयाचं स्क्रॅच ज्युनिअर आहे, पण ते टॅबच्या मोठ्या पडद्यासाठी, फोनवर ठोकळे फार बारीक दिसतात. तिचं तूर्त राहू द्या.

त्याला गाडीचा खेळ आवडतो ना? मग पाढ्यांचा खेळ त्यालाच बनवायला सांगा. ‘पहिली’ आणि ‘दुसरी’ असे दोन चल, म्हणजे बदलती संख्या ठेवायच्या जागा, तयार करायचे. दोन्हींना २ ते १० मधली कुठलीही संख्या द्यायचा ठोकळा लावायचा. मग ‘विचारा आणि थांबा’ चा ठोकळा, त्यात दोन्ही संख्या जोडून प्रश्न. प्रश्न मराठीत टाइप करता येतो. पुढे ‘जर उत्तर = पहिली × दुसरी’, तर गाडी १० पावलं पुढे. हे सगळं ‘१० वेळा पुन्हा करा’ च्या आत. नवशिक्या मुलांची हमखास चूक: संख्या निवडायचे ठोकळे बाहेर ठेवतात आणि मग दहाही वेळा तोच प्रश्न येतो. लगेच सांगू नका, ‘असं का होतंय’ एवढंच विचारा. पहिल्या बैठकीला ४०-४५ मिनिटं लागतात, तेवढी त्या दिवशी द्या.

मग येतो ‘नाहीतर’ चा रिकामा खण. उत्तर चुकलं तर काय व्हायचं, हे त्याला ठरवावं लागतं. बहुतेक मुलं आधी ‘चूक!’ लिहितात. तेव्हा म्हणा, बहिणीला ७ × ६ येत नाही, तिला नुसतं चूक म्हटल्याने कसं येईल? मग तो सातच्या सहा रांगा काढायला लागेल. रांगा काढायला ‘शिक्का’ चा ठोकळा आहे, पेन विस्तार जोडला की मिळतो: डाव्या खालच्या कोपऱ्यातलं बटण.